दुपारच्या उन्हाची खोली

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. लिहायलाही हात धजत नाही. चौथीपर्यंतच शिकलेय, पण अडचण ती नाही.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. माझे यजमान जहाजावर इंजिनीअर, महिनोन्महिने समुद्रावर. परदेशात, सेरंगूनला आमचा फ्लॅट होता. एक खोली पूर्वेची, दुपारी सावलीत. दुसरी पश्चिमेची – उतरत्या उन्हात तिच्या भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. सासरे गेल्यावर सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या. मी म्हटलं, "ही खोली घ्या, वाळवणाला छान ऊन मिळेल." त्या खूश झाल्या, खिडकीत सांडगे घालू लागल्या. पूर्वेची मी ठेवली.

एसी दोन्ही खोल्यांत होता. फक्त रात्री लावायचा, असं यांनी बजावलं होतं. सासूबाईंना तो लावताही येत नव्हता. आणि मी? जेवणं झाली की दार लोटून एसी लावायची आणि ऊन उतरेपर्यंत पडून राहायची. माझी खोली तशीही थंडच. मग कशाला? चैन, दुसरं काय.

हे घरी आले, विजेचं बिल पाहिलं. ऊन आईच्या खोलीत, म्हणजे एसी तिथंच चालत असणार, असा यांनी हिशेब केला. मला विचारलं, "आई दुपारी लावते का गं?"

मी "हो" म्हटलं.

हे मारणारे नव्हते, ओरडणारेही नव्हते. फार तर दोन शब्द बोलले असते. तेवढ्याला मी भ्यायले?

जेवताना हे हसत म्हणाले, "आई, आमच्या जहाजाच्या कोल्ड रूमलाही एवढी वीज लागत नाही बरं का."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून आमटी वाढत राहिले. "उकडतं रे फार," त्या म्हणाल्या. "आता नाही लावणार."

नंतर त्या दुपारी पंखासुद्धा लावेनात. घामानं निथळत बसायच्या. मला दिसत होतं. आणि तरी – हे जहाजावर परतल्यावर मी माझा एसी पुन्हा लावला. आळ सासूबाईंवरच येणार, हे ठाऊक असताना.

पुढच्या खेपेला हे आले, तेव्हा सासूबाईंनी गावी जायचा हट्ट धरला. बंद पडलेल्या घरात शेवटपर्यंत एकट्या राहिल्या.

हे अजून कधीकधी म्हणतात, "मी तेव्हा चेष्टा करायला नको होती. तेच तिच्या मनाला लागलं."

आणि मी त्यांची समजूत घालते.