जावेचा राहिलेला दिवस

त्या वर्षी आमचं कांद्याचं रोप लागणीला आलं आणि आमचे मालक खाटेवर पडले. विहिरीवर मोटारीचा पाइप ओढताना पाय घसरला, कठड्यावर आपटले, खुब्याचं हाड मोडलं. मंचरच्या दवाखान्यात ऑपरेशन करून रॉड घातला आणि पाय अजिबात टेकवायचा नाही असं बजावून घरी सोडलं. बजावायला डॉक्टरांचं काय जातं! उचलायला, बसवायला, पुसायला, भांडं द्यायला मी एकटीच होते. सासू-सासरे गेलेले, मुलगी लहान, गोठ्यात दुभत्या गाई. मी इतकी दमायचे की बसल्या जागी डुलकी लागायची आणि अंथरुणाला पाठ टेकली की झोप उडायची.

त्यात पेशंटला बघायला येणारी माणसं. तेव्हा आमच्या अवसरीत फोन मोजक्याच घरी होते, त्यामुळे पावणं न सांगताच दारात उभं राहायचं. कळंबपासून राजुरीपर्यंतचं गणगोत येऊन गेलं. सगळ्यांच्या हातात तोच बिस्किटाचा पुडा. बसायचे, हाड कसं मोडलं ते पहिल्यापासून ऐकायचे, मग आपल्या ओळखीत कुणाचं हाड कसं वाकडं बसलं ते रंगवून सांगायचे आणि चहा पिऊन निघायचे. ती माणसं मायेनं येत होती हे मला तेव्हाही कळत होतं. पण डेअरीला घालायचं दूध चहातच संपायचं, आणि मी हसून "या हं परत" म्हणताना मनातून प्रत्येकाला हाकलून लावत असायचे.

रोप तिकडे वाफ्यात वाढत होतं. शेंडे पिवळे पडायला लागले. कांद्याचं रोप वेळेत लागलं नाही तर जुनं होतं, मग त्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे येतात, कांदा पोसत नाही. वर्षाचं पीक तेवढंच होतं आमचं.

आमच्याकडे लागणी वारंगुळ्यावर व्हायच्या. आज सगळ्याजणी तुझ्या वावरात, उद्या माझ्या. रोजाचे पैसे नाहीत, हजेरी नाही. मी जितके दिवस तुझ्याकडे आले तितके दिवस तू माझ्याकडे यायचं, एवढा साधा कायदा. त्या हंगामात मी कुणाच्याच वावरात पाय ठेवला नव्हता, तेव्हा कोणत्या तोंडानं बोलावणार? मी मालकांना सांगून टाकलं की यंदा रोप गाईंना घालते. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

शेजारच्या आत्यांच्या कानावर हे गेलं. त्या संध्याकाळी आल्या त्या भांडायच्याच सुरात. "रोप गायांना घालती व्हय? लई शानी झाली."

"मग काय करू, आत्या? माझा दिस न्हाई कुणाकडं."

"उलटं करू. आदी तुजं, मग आमचं. उद्याच्याला रोप उपटून ठिव."

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या आल्या. आणि त्यांच्या मागून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून, माझी थोरली जाऊ आली.

आमचं बोलणं बंद होतं. वाटणी झाल्यावर विहीर तेवढी सामाईक राहिली आणि पाण्याच्या पाळीवरून आमच्यात असं काही जुंपलं की दोघी एकमेकींच्या दारावरून जाताना दुसरीकडे बघायचो. मालक पडले तेव्हा थोरले दीर दवाखान्यात आले होते, ही नाही. आता ती सरळ शेवटच्या वाफ्यात जाऊन बसली, रोपाची जुडी हातात घेतली आणि लावायला लागली. थोड्या वेळानं चारीला पाणी आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी पाण्याची पाळी तिची होती. दिवसभर तिनं मान वर केली नाही. चहाची किटली तिच्यापर्यंत नेली तर म्हणाली, "नगं." दिवस मावळायच्या आत लागण उरकली. बाकीच्यांना मी हळदीकुंकू लावलं, ती तोवर बांध ओलांडून गेली होती.

मालक कुबड्या घेऊन उभे राहिले आणि मी दिवस फेडायला लागले. मला कुणाचं ओझं ठेवायची सवय नाही, आमचं माहेरच तसलं. घरचं उरकून, दूध घालून, मी आत्यांच्या वावरात गेले, समोरच्या घरच्यांच्या गेले, खुरपायला गेले, काढणीला गेले. कमरेचे टाके ढिले झाले, पण एकेकीचा दिवस फिटला की जरा बरं वाटायचं.

राहिला जावेचा. तिनं मला बोलावलंच नाही. तिच्या खुरपणीला मी आपणहून गेले तर बांधावरूनच म्हणाली, "आज मानसं झाली." काढणीला गेले, तेच. पुढच्या लागणीला गेले, पुन्हा तेच. मला संताप आला. म्हणजे हिला आयुष्यभर माझ्या डोक्यावर बसायचंय तर! आपल्याकडे हिचा दिवस राहिलाय, या विचारानं मला घास गोड लागेना.

एकदा विहिरीवर गाठलीच मी तिला. "बाई, तुमी माजा दिस का घेईना? माज्याच्यानं हे वझं सोसंना आता. एकदाचं फिटू द्या."

ती धुणं पिळत होती. पिळून झालेलं लुगडं बादलीत टाकलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"वाटणीत भांडी वाटली, बैलं वाटली, वावर वाटलं. समद्याचं समदं फिटलं. म्हनून तर आपल्यात बोलाय काय उरलं न्हाई. ह्यो एक दिस राहू दे की मधी."

मला एकदम रडू फुटलं. इतक्या दिवसांत, दवाखान्यातसुद्धा, मी रडले नव्हते. मी तिथंच धुण्याच्या दगडावर बसले आणि म्हटलं, "बाई, लई दमली वो मी."

"ठावं हाय," ती म्हणाली, आणि माझं धुणं ओढून घेऊन आपटायला लागली.

तो दिवस मी फेडला नाही. पुढे तिच्या लागणीला मी जायचे, पण आठवडा व्हायच्या आत ती माझ्याकडे एखादं काम उकरून काढून येऊन जायची. मग मालक बरे झाले, जरा लंगडतात एवढंच. मुलीचं लग्न झालं. हल्ली वारंगुळा कुणी करत नाही, टेम्पोतून मजूर येतात.

जावेचे गुडघे गेलेत. तिला खाली बसता येत नाही. तरी माझी लागण असली की काठी टेकत येते, बांधावर पोतं टाकून त्यावर बसते आणि रोप किती दाट लावताय म्हणून दिवसभर कटकट करते. बांधावर नुसतं बसणं वारंगुळ्यात धरत नाहीत. मी धरते.