शुद्धीवर येऊ द्या, मग लिहा

सोलापूरकडच्या वाशी भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी असतानाची एक घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. नोकरीत कुणाचे आभार मानायचे म्हटले, तर वरिष्ठांच्याही आधी मला त्या प्रकरणातली एक बाई आठवते.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, शिवारात एकाचं डोस्कं फोडलंय. बांधाच्या शेजाऱ्याचा सदरा बघा, रक्तानं भरलाय." पाठोपाठ जखमीचा भाऊ गावातली माणसे घेऊन हजर झाला आणि फिर्यादीत त्याने शेजाऱ्याचेच नाव घातले. बांधावरून दोघांचे वाजले होते आणि दोन वर्षे बोलणे बंद होते. जखमी बेशुद्ध होता, त्याला सोलापूरला हलवले होते. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळपर्यंत शेजाऱ्याला जन्मठेपही झाली होती.

शेजाऱ्याला बोलावून घेतले. सदरा त्याने बदललाही नव्हता.

"म्या मारलं न्हाय साहेब. कडब्याची गाडी भरत हुतो. त्यो वर, म्या खाली. कडबा बांधायचा नाडा आवळताना तुटला, अन् त्यो खाली दगडावर डोक्यावर पडला. म्याच जीपमधी घालून दवाखान्यात नेला."

"दोन वर्षं बोलत नाही आणि गाडी मिळून भरता?"

"सावड हाय नव्हं. त्यात बोलायला कशाला लागतंय?"

आमच्याकडे ज्याच्याजवळ एकच बैल असतो, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करतो. दोघांचे बैल एका गाडीला जुंपायचे, आज याचे काम, उद्या त्याचे. या दोघांनी अबोला धरला, पण सावड मोडली नव्हती. उलटसुलट खूप विचारले. उत्तर तेच आले. पण पढून आलेला खोटारडाही तेच उत्तर देतो, हे मला नोकरीने शिकवले होते.

पंचनाम्याला गेलो तर शेत साफ. जनावरे उपाशी राहू नयेत म्हणून गावकऱ्यांनीच गाडी घरी नेऊन रिकामी केली होती. रक्ताच्या दगडावर कुणीतरी माती लोटली होती आणि नाड्याचे तुकडे ज्याला लागले त्याने नेले होते. इतक्या चांगल्या मनाने पुरावा पुसला गेला, की कुणावर रागवायचीही सोय नव्हती. जखमीचा बैल मात्र शेजाऱ्याच्या गोठ्यात निवांत वैरण खात उभा होता. मला ते बोलके वाटले, पण बैलाचा जबाब कोर्टात चालत नाही.

डॉक्टर म्हणाले, अशी जखम पडूनही होते आणि मारूनही होते. म्हणजे खरे सांगणारा एकच होता आणि तो शुद्धीवर नव्हता. तो दगावला असता तर खुनाचे कलम लागले असते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. जवळच तिचा दीर, तोच फिर्यादी, उभा होता. "सांग वहिनी साहेबांना, त्यानंच मारलं म्हणून," तो म्हणाला.

"म्या भाकरी घेऊन वाटंत हुते," ती म्हणाली. "न बघितलेलं कसं सांगू? त्येनला शुद्धीवर येऊ द्या, मग लिहा."

"अन् न्हाय आला तर?" दिराने विचारले.

तिने दाराच्या काचेतून आत एकदा पाहिले. "तरीबी म्या बघितलेलं न्हाय."

मी तेवढेच लिहून घेतले. त्यानंतर माझ्या हातात काही उरले नाही. ठाण्याबाहेर घोषणा व्हायच्या, वरून फोन यायचे, अटक का नाही म्हणून. तपास चालू आहे, एवढेच मी सांगायचो. शेजारी रोज सकाळी हजेरीला यायचा. आल्या आल्या विचारायचा, "डोळं उघडलं का त्यानं?" मी नाही म्हणायचो आणि त्याच्यासाठी चहा मागवायचो. असे दिवस गेले.

एकदाचे डॉक्टरांचे पत्र आले, रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे. मी गेलो. जखमीने आधी बायकोला विचारले, "बैल कुठंय?"

"त्यांच्याच गोठ्यात."

त्याने मान हलवली. मग एकेक शब्द जुळवत जबाब दिला. वर उभा राहून नाडा आवळत होता, नाडा तुटला, तोल गेला. "त्यो नसता तर म्या तिथंच गेलो असतो."

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्याला म्हणालो, "आता हजेरीला यायचं कारण नाही. तुम्ही सुटलात."

"ते ऱ्हाऊ द्या साहेब. त्यो वाचतोय न्हवं?" हो म्हटल्यावर तो बाकावर बसला आणि टॉवेलात तोंड घालून रडला. मी फायलीत डोके घातले, कारण माझेही डोळे भरले होते.

त्या बाईने एक नाव घेतले असते, तर मी अटक केली असती आणि मला कुणी चूक म्हटले नसते. तपासात वाट पाहणे हेही काम असते. मी ते पगार घेऊन करत होतो. ती मात्र नवऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असताना करत होती. हे मी तिच्यापाशी शिकलो आणि पुढे कितीदा तरी उपयोगी पडले.

जबाब घेऊन दवाखान्यातून निघताना मी तिचे आभार मानले होते. "शेजाऱ्यावर एवढा भरवसा ठेवलात, म्हणून एक निरपराध माणूस वाचला."

"भरवसा कसला साहेब," ती म्हणाली. "मलाबी त्यानंच मारलं असंच वाटत हुतं."