भिकुबाईचा दम

आमच्या गावात अजून सांगतात की त्या वर्षी अलगूज कानबाईनं वाजवलं. मला हे ऐकवत नाही. देवीपुढे मीही डोकं टेकवतो. पण भिकुबाईचं जे आहे ते देवीच्या नावावर चढवणं ही लबाडी आहे.

भिकुबाई ही हिलालची बायको. आमचं गाव धरणगावपासून दीड कोसावर. श्रावणात सोमवारी कानबाईची मिरवणूक नदीकडे निघते. तिच्यापुढे अलगूज, म्हणजे बांबूची उभी बासरी, वाजवण्याचा मान हिलालच्या घराचा. हिलालनं सरकी काढायच्या एका जिनात बारा वर्षं कापूस उपसला आणि कापसाची धूळ त्याच्या छातीत बसली. १९३१ च्या उन्हाळ्यात तो खोकून खोकून वाकला, तेव्हा मालकानं ‘चिलीम कमी ओढ’ असं सांगून त्याला घरी पाठवलं. हिलालनं जन्मात चिलीम हाती धरली नव्हती!

मिरवणुकीचे कारभारी पितांबर आबा धुळ्याच्या बँडचा बेत घेऊन दारात आले. म्हणाले, “हिलाल, औंदा धुयाना बँड आनतस. तू आराम कर.”

चुलीपासून भिकुबाई बोलली, “आबा, अलगूज मी वाजाडसू.”

आबा हसले. “बाईमानूसनी छातीमा इतला दम ऱ्हास का व? पार नदीलगून जानं शे.”

“श्रावण येऊ द्या. मंग आयकी ल्या.”

“बरं. पण एकदा जरी अटकनी, ते पुढला सालपाईन बँड,” आबांनी सुनावलं.

पहिल्या दिवशी तिनं फुंकलं आणि अलगूज किंचाळलं. कोंबड्या कुडावर चढल्या. हिलाल म्हणाला, “चूल फुकी ऱ्हायनी का तू?” खरंच होतं ते. वीस वर्षं तिनं फुंकणी फुंकली होती. छाती भरून घ्यायची आणि एका झपाट्यात रिकामी करायची. त्यानं विस्तव पेटतो, सूर पेटत नाही. हिलालनं आढ्याला दोरा बांधून टोकाला कापसाचा पुंजका लटकवला. फुंकर अशी हवी की पुंजका पुढे कलावा आणि तिथेच ठरावा. पुंजका उडायचा, परत यायचा, तिच्या नाकावर आपटायचा. तिला घेरी येई. शेजारची कुंदाबाई डोकावून म्हणे, “काय व, कापूसले पाळणामा झुलाडी ऱ्हायनी का?”

“खांदा खाले ठेव. पोटमा दम ले,” हिलाल सांगे. तिचे खांदे कानापर्यंत चढत. असा अर्धा आषाढ गेला.

एका पहाटे ती जात्यावर बसली होती, गात होती. अंथरुणावरून हिलालनं विचारलं, “आते दम कोठे लिधा तू?”

तिला सांगता येईना. तिनं पुन्हा खुंटा ओढला, पुन्हा गायली, आणि या वेळी स्वतःकडे लक्ष दिलं. खुंटा जवळ येताना पोट सैल पडत होतं आणि श्वास आवाज न करता आत शिरत होता. मग दोन फेरे एकच ओळ चालत होती. खांदे जागचे हलत नव्हते.

“हाऊच!” हिलाल खोकत उठून बसला. “हाऊच दम अलगूजमा सोड.”

रोज पहाटे पायलीभर दळून वर गाणाऱ्या बाईला दम नाही म्हणे! आणि हे कोण म्हणतं? ज्यानं जात्याचा एक फेराही फिरवला नाही, तो. मला आबांच्या त्या हसण्याचा आजही संताप येतो.

पंधरा दिवसांत पुंजका ठरला.

सोमवारी देवळापासून ती निघाली. चढ आला, चिखल आला. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका दमून थांबल्या, ती थांबली नाही. नदीवर शेवटच्या गाण्याची लांब ओळ तिनं एका श्वासात पार नेली. मग आबांनी हात जोडले आणि ओरडले, “माय उनी! कानबाई आंगमा उनी!”

लोक तिच्या पायांवर पडले. तिचं बोलणं नारळांच्या आवाजात बुडालं. आणि आबांनी तिथेच सांगून टाकलं, देवी काही दर वर्षी अंगात येत नाही, तेव्हा पुढल्या वर्षी बँडच.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पारावर सगळे बसलेले असताना, भिकुबाई निंदणीवरून तशीच मातीच्या हातांनी आली. कडेला बसली आणि तेच गाणं तिनं तीनदा वाजवलं.

“आज कोन उनं व आंगमा?” आबांनी दबकत विचारलं.

“कोनीच नही, आबा. कालदिन बी कोनी नही उनं. दम मना सोताना व्हता. बठा, आखो आयका.”

चौथ्यांदा संपेपर्यंत आबांना उठता आलं नाही.

बँड आला नाही. पुढे सोळा श्रावण मिरवणुकीपुढे तीच चालली. मानाचा नारळ मात्र गाव हिलालच्याच हाती देई, आणि तो तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, तिच्या ओटीत घाली. तो गेला, तेव्हा गावानं नारळ देणंच बंद केलं. भिकुबाईनं वाजवणं बंद केलं नाही.