उलटवलेली शेरवानी

मुश्ताक हुसेन आमच्या शाळेत उर्दू शिकवत. शाहअलीबंड्याच्या गल्लीत दूध आणायला निघाले तरी अंगात शेरवानी, आणि गळ्याच्या हूकपर्यंत सगळं बंद. मे महिन्यातही. उघड्या गळ्यानं कोणासमोर जाणं त्यांना अर्धं वाक्य बोलून थांबण्यासारखं वाटे.

त्यांची काळी शेरवानी वडिलांची. वडिलांनी ती निजामाच्या कचेरीत लागताना शिवली होती. मुश्ताकमियाँनी तीच घालून निकाह केला. आता रियाधहून आलेल्या मुलानं, वासिफनंही तीच घालावी, एवढी एकच इच्छा त्यांनी त्याच्या लग्नासाठी बोलून दाखवली. वासिफ लगेच हो म्हणाला. अडचण त्याच्या रुंद खांद्यांची होती, म्हणून आम्ही तिघं हबीब दर्जींकडे गेलो.

हबीबभाईंनी बगलेची शिवण चार बोटं उसवली आणि थांबले. मग पुढची बाजू उजेडाकडे धरली. प्रत्येक बटणाखाली एक रफू केलेलं जुनं काज होतं. मुश्ताकमियाँचा छातीचा खिसा उजवीकडे का, हे तीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

"मास्तरसाब, विसरलात? मीच उलटवली होती ही."

मुश्ताकमियाँच्या बेगम आजारी होत्या ते वर्ष. उन्हानं कापड तांबूस पडलं होतं, नवं घेणं शक्य नव्हतं. सगळी उसवून आतली बाजू बाहेर काढली, तेव्हा शिवणीतलं जास्तीचं कापड कापलं गेलं.

"मी सांगितलं होतं, पुढे सैल करता यायची नाही. तुम्ही म्हणालात, मुलगा माझ्याच अंगलटीचा होईल."

मी जोड लावायचं सुचवलं. हबीबभाईंनी मान हलवली. तो काळा रंग आता कापडाच्या कुठल्याच ठाणात मिळत नव्हता.

वासिफनं तरी ती चढवली. छातीवर चार बोटांची फट राहिली.

"अब्बा, मी श्वास रोखून बसेन."

"तीनदा कबूल म्हणायचंय, मियाँ," हबीबभाई म्हणाले. "श्वास रोखून कसं म्हणणार?"

आम्ही हसलो. मुश्ताकमियाँ उसवलेल्या बगलेवरून बोट फिरवत होते.

निकाहच्या दिवशी वासिफ दुकानातून तयार घेतलेल्या मोतिया रंगाच्या शेरवानीत होता. निघताना तो वडिलांसमोर मान वर करून उभा राहिला. मुश्ताकमियाँनी खालपासून एकेक बटण लावलं. गळ्याशी आल्यावर त्यांची बोटं बराच वेळ हूक चाचपत राहिली. त्या शेरवानीला हूक नव्हता. वासिफ मान खाली न करता तसाच उभा होता.