ओळख पाहू, कोण बोलतोय?

माझा दादा फोनवर कधीच स्वतःचं नाव सांगत नाही. तो एकटाच कशाला, आपली सगळी माणसं तशीच. फोन उचलून "कोण?" विचारलं की पलीकडून ठासून उत्तर येतं, "मी!" जसा काही जगात हा एकटाच 'मी' आहे. माणूस जरा लाडात आला की मग "ओळख पाहू, कोण बोलतोय?" आणि नाही ओळखलं, की "विसरलात ना आम्हाला, मोठी माणसं तुम्ही" हे ठरलेलंच. अमेरिकेत येऊन आमच्या लोकांनी साखर सोडली, तूप सोडलं, मुलांपुढे हात टेकून इंग्रजीत बोलायला लागले, पण ही खोड काही सुटली नाही.

दादाची तर ती कॉलेजपासूनची. तो इंजिनिअरिंगला होस्टेलवर गेला तेव्हा साताऱ्याला आमच्या घरी नुकताच फोन बसला होता. रविवारी सकाळी तो फोन करायचा आणि म्हणायचा, "ओळख पाहू." आई मुद्दाम विचारायची, "दूधवाला का?" "नाही." "मग पेपरवाला?" तो चिडला की ती पदर तोंडाला लावून हसायची. खरं तर पहिल्या अक्षरालाच तिने त्याला ओळखलेलं असायचं. पुढे तो मिशिगनला, नोव्हायला गेला, मोटारींच्या कंपनीत बडा इंजिनिअर झाला, केस पिकले, तरी रविवारचा खेळ चालूच होता.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहायला आली. मी तेव्हा एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते. काम ऐकून लोक हसायचे, म्हणून मी 'रिसर्च' एवढंच सांगायचे. काम असं, की माकडांचे आवाज रेकॉर्ड करायचे, कॉम्प्युटरवर त्यांचे तुकडे पाडायचे आणि आवाजबंद खोलीतल्या दुसऱ्या माकडाला ते स्पीकरवरून ऐकवायचे. लपवलेल्या स्पीकरमधून आपल्या पिल्लाची किंकाळी आली तरी माकडीण ती ओळखते, मान वळवते आणि बघतच राहते. परकं पिल्लू ओरडलं तर जरा कान टवकारते आणि पुन्हा अंग खाजवायला लागते.

आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाई हे फार छान समजावून सांगायच्या. माणसाच्या मेंदूत कानाच्या थोडं वर, आणि उजव्या बाजूला जास्त, असा एक भाग असतो की जो भांड्यांच्या किंवा गाड्यांच्या आवाजापेक्षा माणसाच्या आवाजाने जास्त जागा होतो. काय बोललं हे कळण्याची वाट वेगळी आणि कोण बोललं हे कळण्याची वेगळी. माकडाच्या मेंदूतही तसंच काहीतरी असणार, हा बाईंचा अंदाज होता आणि त्यासाठी आमची धडपड चालली होती. दादा मला 'माकडांची मावशी' म्हणायचा. तेव्हा मला त्याचा राग येत नसे.

ऑक्टोबरात आईला झटका आला. पोळ्या करताना लाटणं हातातून गळालं आणि डावा हात उचलेना. वेळेत हॉस्पिटलला नेलं. हळूहळू हात हलायला लागला, बोलणं तर पहिल्यापासून स्वच्छ होतं. थोडक्यात निभावलं, असं जो तो म्हणाला. मीही म्हणाले. मग मी कामावर जायला लागले आणि दुपारी नेहमीसारखा घरी फोन केला, "आई, जेवलीस का?"

"आपण कोण बोलताय?" आई म्हणाली. "मुलगी कामाला गेली आहे. संध्याकाळी करा." आणि तिने फोन ठेवून दिला.

मला वाटलं, थट्टा करतेय. पुन्हा लावला, तर ती वैतागली.

डॉक्टरांनी तिची परीक्षा घेतली ती माझ्यासमोरच. समोर म्हणजे तिच्या पाठीमागे. मी, माझा नवरा आणि तिथली एक नर्स, तिघांना खुर्चीमागे उभं करून एकेक वाक्य बोलायला लावलं. आईने वाक्यं अचूक ऐकली. पहिली बाई, दुसरा पुरुष, तिसरी बाई, हेही बरोबर सांगितलं. कोण, म्हटल्यावर खांदे उडवले. मी पुढे येऊन उभी राहिले तशी हसली, "अगं, तू होय!" कान ठीक, डोकं ठीक, चेहरे ओळखणं ठीक, डॉक्टर म्हणाले. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला होता. पुढचं त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं. गाडीत बसल्यावर मी रडले. माकडिणींना जे येतं ते मी दिवसभर मोजत बसायचं आणि घरी माझ्या आईला माझाच आवाज परका, याचा मला भयंकर संताप आला.

पण आई खंबीर. तिने घरात नियमच केला, मला मागून हाक मारायची तर आधी कोण ते सांगायचं. जावई जिना उतरताना "मी जावई" म्हणायचे. माझी मुलगी शाळेतून आली की दारातूनच ओरडायची, "आजी, इट्स मी, युअर ओन्ली ग्रँडडॉटर!" मीही माझ्या आईला "मी, तुझी मुलगी" म्हणायला शिकले. कोणालाच ते जड गेलं नाही. दादा सोडून.

रविवारी त्याचा फोन आला. "ओळख पाहू." आई नम्रपणे म्हणाली, "नाही हो ओळखलं. आपण कोण?" तो म्हणाला, "नीट ओळख." आई गोंधळली, तिने फोन माझ्या हातात दिला.

"दादा, तुला सांगितलं होतं ना? तिला आवाज ओळखता येत नाही. नुसतं 'आई, मी नोव्हायहून बोलतोय' म्हण, की झालं."

"मी माझ्या आईला इंट्रोडक्शन देऊ? कॉल सेंटरवाला आहे का मी?"

"डॉक्टरांनी एक्स्प्लेन केलंय, मेंदूत..."

"तुझी माकडं मला सांगू नकोस यार. आई पोटच्या मुलाचा आवाज विसरते? तुझ्याकडे राहिली आणि मी परका झालो. काय भरवतेस तू तिच्या कानात?"

"मग ये ना इथे. चेहरा तिला लगेच कळतो. डेट्रॉइटहून फ्लाइट कितीशी आहे?"

"ओळखतच नाही, तर येऊन काय करू? आधी ओळखू दे."

मी फोन ठेवला तेव्हा आई माझ्याकडेच बघत होती. "कोण होतं?" मी म्हटलं, दादा. तिचा चेहरा पडला. "मग सांगितलं का नाही त्याने?" मार्चमध्ये ती परत जाणार होती. डॉक्टरांनी एवढ्या प्रवासाला जेमतेम परवानगी दिली होती, पुन्हा यायचा प्रश्नच नव्हता. तिचं एकच मागणं होतं, जाण्याआधी मुलाला एकदा डोळ्यांनी बघायचं. आणि हा शहाणा नोव्हायला बसून प्रवेशपरीक्षा घेत होता.

पुढचे कित्येक रविवार हेच. 'ओळख' म्हणणारा दादाच समज, असं मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, तसं तर सगळेच म्हणतात. तो म्हणायचा "ओळख", ती म्हणायची "आपण कोण", आणि तो फोन आपटायचा. माझा आवाज चढायचा तो उगाच, कारण तोवर लाइन कट झालेली असायची.

जानेवारीत एका रविवारी फोन वाजला आणि आईनेच उचलला. मी ओट्याशी होते. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "अरे बाळा! बरी आहे मी. हो, जेवले. हात? हात आता उचलतो वरपर्यंत. तू जेवलास का?" माझ्या हातातला डाव तसाच राहिला. दादाला अखेर सुचलं म्हणायचं. मी धावत जाऊन फोन घेतला, तर पलीकडे अनोळखी माणूस. आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला जेवायला किती माणसं येणार, हे विचारत होता. नागपूरचा, जर्सी सिटीत राहणारा, नोकरीसाठी आलेला. "ताई, काकू 'बाळा' म्हणाल्या ना, एकदम घरची आठवण आली," तो म्हणाला. "दर रविवारी काकूंना फोन केला तर चालेल का?"

मी त्याला आईचं दुखणं सांगितलं. म्हटलं, तिने तुम्हाला माझा भाऊ समजलंय, तिचा गैरसमज मोडू नका. "पण ताई, मी तर..." असं काहीतरी तो म्हणत होता. मी पुढे बोलूच दिलं नाही. मला घाई होती, आणि आईचा उजळलेला चेहरा समोर होता.

त्यानंतर तो दर रविवारी फोन करायचा. आई त्याला औषधं सांगायची, बर्फ सांगायची, नातीचं मराठी सांगायची. न राहवून एकदा मी दादाला ते ऐकवलंच. "तुझ्या जागी दुसराच कोणीतरी 'बाळा' होऊन बसलाय. कारण तो तब्येत विचारतो."

आणि दादा आला. फेब्रुवारीत, शनिवारी दुपारी, न कळवता. मी दार उघडलं, तर हा उभा. बूट झटकत त्याने ओठांवर बोट ठेवलं. मला कळलं तो काय करणार आहे. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते, त्याची बाही धरली, ती त्याने सोडवून घेतली. आई स्टोव्हकडे तोंड करून शंकरपाळे तळत होती. तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ओळख पाहू, कोण?"

आईने झारा खाली ठेवला. पदर सावरला. वळायच्या आधीच, घरी आलेल्या माणसाचा मान ठेवत म्हणाली, "जावयांचे मित्र का? बसा ना, येतीलच ते एवढ्यात."

मग ती वळली. त्याला बघितलं आणि तिचे दोन्ही हात वर गेले, डावाही. "अरे, तू! कधी आलास?" ती त्याच्या तोंडावरून हात फिरवायला पुढे झाली. तो मागे सरकला. "राहू दे. नाही ओळखलंस ना." ती म्हणाली, "ओळखलं की रे, हा काय तू." तो म्हणाला, "बघून कोणीही ओळखतं."

रात्रभर राहिला. जेवला, टीव्ही बघितला. हात कसा आहे, झोप लागते का, काही विचारलं नाही. आई त्याच्या बाजूला बसून त्याचा चेहरा बघत होती, तो बातम्या बघत होता. सकाळी प्लान्टमध्ये मीटिंग आहे म्हणून निघाला. रविवारी कसली मीटिंग! आई खिडकीत उभी होती. गाडी कोपऱ्यावरून वळली तरी उभीच होती. शंकरपाळ्यांचा डबा तिथेच टेबलावर राहिला.

थोड्या वेळाने जर्सी सिटीचा फोन आला. "अरे बाळा," आई सुरू झाली. माझं डोकंच फिरलं. तिने फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "आई, हा दादा नाही. दादा आत्ता एअरपोर्टवर असेल."

"माहीत आहे," आई म्हणाली. "मला काय वेड लागलंय? पहिल्या दिवसापासून तो सांगतो, काकू, मी जर्सी सिटीहून, मंडळाचा. प्रत्येक वेळी सांगतो बिचारा. म्हणून मी त्याला बाळा म्हणते. एवढं एक वाक्य माझ्या मुलाला का जड व्हावं?"

माकडिणीची मान किती वळली ते मी मोजत होते आणि आई काय म्हणतेय हे मला कळलं नव्हतं. ती बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसली. मग म्हणाली, "त्याला फोन कर. सांग, आईने ओळखलं होतं. मस्करी केली म्हणावं, आपली नेहमीची. दूधवाल्याच्या ऐवजी जावयाचे मित्र म्हटलं."

"खोटं?"

"मग काय, मी असा रागावलेला सोडून जाऊ त्याला?"

मी फोन केला. दात खाऊन सांगितलं. तो खदखदून हसला. "बघ! मी म्हणत नव्हतो? नाटक करत होती!" सगळ्या नातेवाइकांत त्याने सांगितलं, आई ठणठणीत आहे, बहिणीने उगाच मेंदू, माकडं, काय काय काढलं होतं. तो न्यूआर्कला तिला निरोप द्यायला मात्र आला नाही. आता काय, सगळं ठीकच आहे, म्हणाला.

आई साताऱ्याला गेल्यावर रविवारचा खेळ पुन्हा सुरू झाला. तो म्हणायचा, "ओळख पाहू," ती म्हणायची, "दूधवाला का?" आणि तो खूश. तिला भेटायला तो अजून गेलेला नाही. ती ओळखते ना, मग घाई कसली?

गेल्या दिवाळीत आमच्या चुलतभावाचा फोन आला. तो साताऱ्यालाच, आईच्या मागच्या गल्लीत राहतो. हसत हसत सांगत होता, "अगं, मी काकूला फोन केला आणि सहज म्हटलं, ओळख पाहू. तर म्हणते, दूधवाला का? मला हसू आवरेना. तर पुढे काय म्हणाली माहितीये? बाळा, नोव्हायला बर्फ फार आहे का रे? माझा चेहरा तरी बघून जा एकदा."