सरकार पाडणारे वाडदेकरसर

वाडदेकरसरांची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझी परीक्षाच होती. २००१ सालचा शेवट होता. लग्न होऊन मी नागपूरहून दुबईला आले होते. गाठीशी नागपूरच्या एका इंग्रजी दैनिकातला तीन वर्षांचा अनुभव होता आणि डोक्यात त्याच्या दुप्पट हवा. दुबईच्या देरा भागातल्या आमच्या दैनिकाच्या कचेरीत परदेश विभागाचे प्रमुख असलेल्या सरांनी माझ्यापुढे वृत्तसंस्थेची एक बातमी ठेवली आणि म्हणाले, "निम्मी कर." मी वीस मिनिटांत केली. त्यांनी वाचली, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "हात चांगला चालतो. फक्त ठेवायचं ते कापलंस आणि कापायचं ते ठेवलंस. रविवारपासून ये." मला भयंकर राग आला आणि नोकरीही मिळाली. सरांच्या बाबतीत माझं पुढेही बहुतेक वेळा असंच होत आलं आहे.

श्री. प्रभाकर वाडदेकर यांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या अग्रलेखांवर, त्यांनी घडवलेल्या पत्रकारांवर या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मी लिहिणार आहे ती गोष्ट तुम्ही सर्वांनी ऐकलेली आहे. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक सहलीत, प्रत्येक गणपतीत कोणीतरी ती रंगवून सांगतंच. "अहो, या वाडदेकरांनी एकदा अमेरिकेचं सरकार पाडलं होतं!" मग हशा होतो. सरही हसतात. या गोष्टीतली एक बाब साफ खोटी आहे. ते सरकार सरांनी पाडलं नव्हतं, मी पाडलं होतं. इतकी वर्षं मी तोंड शिवून बसले. आता बसवत नाही.

२००२ सालची शरद ऋतूतली ती निवडणूक आठवा. अमेरिकेत अध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यावर दोन्ही सभागृहांसाठी मतदान होणार होतं. एरवी आखातातल्या माणसाला त्याचं काय सोयरसुतक? पण तेव्हा इराकवर हल्ल्याची भाषा सुरू झाली होती. लढाई होणार की नाही, झाली तर आपल्यापर्यंत येणार का, बायकामुलांना गावी पाठवायचं का, हे प्रश्न भाजीच्या दुकानात, लिफ्टमध्ये, शाळेच्या बसपाशी, सगळीकडे ऐकू येत. मी वर्तमानपत्रात आहे म्हटल्यावर लोक मला असं विचारायचे, जणू अध्यक्ष रोज सकाळी मला फोन करूनच पुढचं ठरवतात.

अमेरिकेतल्या वाहिन्या आणि वर्तमानपत्रं तर नुसती पेटली होती. सकाळी एका पक्षाची सरशी, संध्याकाळी दुसऱ्याची. आमच्या परदेश विभागात आम्ही त्या पक्षांना त्यांच्या चिन्हांवरून हत्तीवाले आणि गाढववाले म्हणायचो. सरांना ते खपत नसे. "गाढव म्हणायचंच असेल तर दोघांनाही म्हण," असं ते मला एकदा म्हणाले.

त्या दिवसांत सरांची एक सवय सगळ्या कचेरीत चेष्टेचा विषय झाली होती. रोज दुपारी दोनला आल्या आल्या ते आदल्या दिवशीचा छापील अंक पसरायचे, स्टीलची पट्टी काढायचे आणि दोन्ही पक्षांना किती सेंटिमीटर जागा गेली ते मोजायचे. एका बाजूला जास्त गेलेली दिसली की त्या दिवशी दुसऱ्या बाजूची बातमी शोधायला लावायचे. मी वैतागून एकदा म्हटलं, "सर, आपला अंक वाचून तिथे कोण मत देणार आहे?" ते शांतपणे म्हणाले, "म्हणूनच. आपल्या वाचकाला इथे मत नाही आणि तिथेही नाही. पण तिथल्या निकालावर त्याच्या घरातल्या बॅगा भरायच्या की नाही ते ठरतंय. त्याला बातमी तरी सरळ द्यायला नको?" 'दणदणीत' आणि 'घोडदौड' हे शब्द तर ते दिसताक्षणी उडवत. "मतं मोजून झाली का? नाही ना? मग दणदणीत कसलं, खलास कर ते."

मतदानाला दहाएक दिवस होते. 'निकालानंतर काय?' असा एक चौकोन लिहायचं काम माझ्याकडे आलं. घरी तेव्हा सुधीरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, जबल अलीतली कंपनी बंद पडली होती. तो रोज अर्ज घेऊन वणवण करत होता आणि घर माझ्या एकटीच्या नोकरीवर उभं होतं. मी तो चौकोन घाईत लिहिला. त्यात लिहिलं की अध्यक्षांच्या पक्षाला दोन्ही सभागृहांत बहुमत मिळालं नाही, तर सरकारला राजीनामा द्यावा लागेल आणि नवं सरकार येईपर्यंत लढाईचा निर्णय लांबणीवर पडेल.

वाचकहो, हसू नका. दिल्लीत सरकारं पडताना बघत मी मोठी झाले होते. बहुमत गेलं की सरकार गेलं, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं. अमेरिकेतले अध्यक्ष बहुमत गेलं तरी आपली मुदत पुरी करतात, हे पुस्तकात वाचलेलं त्या घाईत कुठल्या कुठे पळालं. सरांनी पान वाचलं, नेहमीप्रमाणे कोपऱ्यात सही केली आणि ते छपाईला गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मजल्यावरच्या मोहितेवहिनी अंक हातात घेऊन आल्या. त्यांची दोन्ही मुलं आठवड्याने कोल्हापूरला आजीकडे जायची होती. "वैजू, बरं केलंस बाई लिहिलंस ते! हे म्हणाले, आता थांबू या. सरकारच जाणार म्हटल्यावर लढाई कसली? केली तिकिटं रद्द." मी त्यांना चहा दिला आणि मनात फुशारले. खरं सांगते, फुशारले.

अकरा वाजता सरांचा फोन आला. "वैजयंती, असशील तशी ये." माझ्या चौकोनातली चूक सांगायला कुणा अमेरिकी वाचकाचा कचेरीत फोन आला होता, मागोमाग आणखी चार. टॅक्सीतच मी हिशेब मांडला. नोकरी गेली तर आमचा इथला मुक्काम संपला, इतका सरळ हिशेब होता तो. सर दारातच उभे होते. म्हणाले, "तू इथे बसायचं. आत यायचं नाही." आणि ते संपादकांच्या खोलीत गेले. दार पुरतं लागलं नव्हतं.

"हे कोणी लिहिलं?" संपादकांनी विचारलं.

"पानावर सही माझी आहे."

"मी लिहिणाऱ्याचं नाव विचारतोय."

"मी वाचलं, मला बरोबर वाटलं आणि मी सोडलं. नाव हवं असेल तर माझं घ्या. पण त्याआधी दुरुस्ती छापू या. पहिल्या पानावर, ठळक."

संपादकांना दुरुस्ती नकोच होती. वातावरण असं तापलेलं, त्यात आपणच आपली अब्रू कशाला काढायची? दोन दिवसांत लोक विसरतील, असं त्यांचं म्हणणं. सरांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढलेला मी ऐकला. "विसरायला ते थांबलेले नाहीत, साहेब. ते तिकिटं रद्द करतायत!" मोहितेवहिनींचं मी त्यांना फोनवरच सांगितलं होतं. मग संपादक म्हणाले की दुरुस्ती येईल, पण जबाबदार व्यक्तीला परदेश विभागातून हटवल्याचं त्याच मजकुरात येईल. सर म्हणाले, "येऊ द्या."

त्याच महिन्यात सरांचा करार नव्याने व्हायचा होता. त्यांची मुलगी बारावीला होती. हे मला ठाऊक होतं आणि मी खुर्चीवरून उठले नाही.

सर बाहेर आल्यावर मी रडायलाच लागले. "सर, चूक माझी आहे." ते म्हणाले, "तुझीच आहे. आणि चांगली मूर्खासारखी आहे. पण मीही ती वाचली आणि मला ती ओळखीची वाटली. आपण दोघंही एकाच गावच्या विहिरीचं पाणी प्यालो ना! आता डोळे पूस आणि मोहित्यांना फोन कर. आणि हे बघ, तुझ्या घरात सध्या एकच पगार येतो. तोंडातून एक शब्द काढलास तर माझ्याशी गाठ आहे."

दुरुस्ती छापून आली. मोहित्यांनी पुन्हा तिकिटं काढली आणि मुलं गेली. सरांचा करार झाला, पण त्यांची रवानगी शुक्रवारच्या पुरवणीत झाली. बागकाम, पडदे, लोणची. वीस वर्षं ज्यांनी जगाच्या बातम्या हाताळल्या, ते कैरीच्या फोडी किती जाड असाव्यात यावर मुद्रितं तपासू लागले, आणि तेही तितक्याच काटेकोरपणे. निकालाच्या दिवशी मी विभागात होते. अध्यक्षांचाच पक्ष जिंकला. मथळ्यात 'दणदणीत' घालायचा आग्रह झाला तेव्हा मी भांडले. सर पुरवणीच्या टेबलावरून बघत होते.

दोन महिन्यांनी सुधीरला नोकरी लागली. तेव्हा मी संपादकांकडे जाऊन खरं सांगायला हवं होतं. मी गेले नाही. आधी भीती होती, मग संकोच, मग गोष्टीचा विनोद झाला आणि विनोदात कोण खरं सांगत बसतं? परदेश विभागाची प्रमुख म्हणून माझा पहिला सत्कार याच मंडळात झाला, तेव्हा सरांनी भाषणात माझ्या अचूकपणाचं कौतुक केलं. मी खाली मान घालून श्रीफळ घेतलं. सरांनी पुढेही कधी त्या दिवसाची आठवण काढली नाही. उलट वाडदेकरकाकूंच्या हातची अळूवडी डब्यात घालून द्यायचे आणि म्हणायचे, "सुधीरला दे, तू कापाकापी करशील."

सर आता जुमेरा लेक टॉवर्समध्ये लेकीकडे असतात. गुडघे कुरकुरतात, नातू "आजोबा, रिलॅक्स!" म्हणतो, आणि तरी रोज तीन वर्तमानपत्रं वाचून ते चुकांवर लाल खुणा करतात. हा लेख मी त्यांना न विचारता लिहिला आहे. विचारलं असतं तर त्यांनी तो नक्कीच कापला असता.

सर, तुमची नजर अशीच शाबूत राहो, गुडघ्यांनी तुमचं ऐकावं आणि काकूंसह तुम्ही शंभरी निवांत ओलांडावी, ही मनापासून इच्छा. आणि मंडळींनो, एक विनंती. यंदाच्या गणपतीत ती गोष्ट जरूर सांगा, खुशाल हसा. फक्त सरकार कोणी पाडलं असं कोणी विचारलं, तर सांगा, वैजयंती दळवीने.