आतड्यातला उजेड

आई खडी फोडायची. भूक कळू नये म्हणून पोटाला ओला फडका घट्ट बांधायची. संध्याकाळी त्याच पोटावर हात ठेवून म्हणायची, "माझं आतडं सांगतंय, आज गुरुजींनी मारलं तुला." ते खरं असायचं.

मी चिडायचो. "आई, विचार डोक्यात असतो. आतड्याला काय कळतंय?"

"मग भाकरीपण डोक्यातच घाल!"

पुढं कॉलेजच्या वाचनालयात हवाई बेटांच्या भाषेबद्दल वाचलं. तिथं आतडं आणि मन, दोन्हींना शब्द एकच: नाआउ. शहाण्या, शिकलेल्या माणसाला म्हणतात नाआउआओ, म्हणजे आतड्यात उजाडलेला. खरं सांगतो, जळलो मी त्या लोकांवर. त्यांच्यातल्या कुठल्याच पोराला आपल्या आईचं असलं बोलणं अडाणी वाटलं नसेल. आमच्याकडं आतडं तुटतं, पिळवटतं. शहाणं मात्र डोकंच म्हणवतं.

बी.ए.चा निकाल लागला, तेव्हा रिकाम्या हातानं दारात उभा राहिलो. तोंड उघडायच्या आत आईचा हात पोटावर गेला. "झालास ना पास?"

तिच्यावरही जळलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पहिली नाआउआओ ती.